पिल्लाची जात आणि नर-मादी: आधी बिल बघा, मग पिल्लू



चॅनलवर वर्षभर जे फोटो येतात, त्यात एक प्रकार ठरलेला आहे. तळहातावर पिवळं किंवा तपकिरी पिल्लू, मागे पुठ्ठ्याचा खोका, आणि खाली प्रश्न: "सर, हे कोणत्या जातीचं आहे? नर आहे की मादी?" कुणी पंख ताणून फोटो पाठवतं, कुणी पाय दाखवतं, कुणी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवतं. प्रश्नामागे घाई असते, कारण पिल्लं घरी आलेली असतात आणि पैसे देऊन झालेले असतात.

या सगळ्यांना मी एकच उत्तर देतो, आणि ते बऱ्याच जणांना आवडत नाही. मी म्हणतो, बिल दाखवा.

"सर, तुम्हाला ओळखता येत नाही का?" असंही काही जण लिहितात. माझं दुकान पशुखाद्याचं आणि पोल्ट्री साहित्याचं. खाद्य, पाण्याची भांडी, ब्रूडरचे बल्ब, जाळी हे मी विकतो. पिल्लं विकत नाही, त्यामुळे कुठल्या जातीची बाजू घेण्यात माझा फायदा नाही. आणि काउंटरवर बसून रोज पिल्लंवाल्यांशी बोलल्यावर माझं जे मत झालंय ते सरळ सांगतो. एक दिवसाच्या पिल्लाकडे बघून जात आणि नर-मादी ओळखायला शिकणं, हे नव्या उद्योजकाचं काम नाही. त्याची कामं दोन आहेत. जात कागदावर विकत घ्यायची. आणि नर किती निघणार, हे पिल्लं आणायच्या आधीच हिशेबात धरायचं. ही दोन कामं ज्यांनी केली, त्यांना फोटो पाठवायची वेळ सहसा येत नाही.

असं का म्हणतो, ते सविस्तर सांगतो.

पिल्लू 'नाही' सांगतं, 'हो' सांगत नाही

सगळ्यात सोप्या जातीपासून सुरुवात करू, म्हणजे कडकनाथ. मूळ मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर, धार या पट्ट्यातली जात. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तेव्हापासून आपल्याकडेही मागणी वाढली. कडकनाथचं पिल्लू निळसर ते काळ्या रंगाचं असतं, पाठीवर वेडेवाकडे गडद पट्टे असू शकतात, आणि चोच, पाय, कातडी गडद असते.

आता तुमच्यासमोर 'कडकनाथ' म्हणून आलेल्या पिल्लाचे पाय पिवळे आणि कातडी गुलाबी असेल, तर ते कडकनाथ नाही. इथपर्यंत नजर पुरते. पण समजा पाय काळे, कातडी काळी, चोच काळी आहे. मग ते शुद्ध कडकनाथ आहे का? नाही सांगता येत. कातडी काळी करणारा गुण संकरातही पुढच्या पिढीत उतरतो. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कडकनाथ वापरूनच 'कारी श्यामा' हा संकर तयार केला आहे, तीही गडद दिसते. म्हणजे काळं नसलेलं पिल्लू नापास करता येतं, पण काळं असलेलं पास करता येत नाही.

हा नियम लक्षात ठेवा, तो सगळ्या जातींना लागू पडतो. पिल्लाचं रूप फार तर 'हे ते नाही' एवढंच सांगतं.

बाकीच्या जातींत तर तेवढंही मिळत नाही. गिरिराज बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने तयार केली. वनराजा आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या. हे सगळे संकर आहेत, आणि गिरिराज, वनराजाची पिल्लं एकाच खोक्यात चार रंगांची निघतात. सोनाली ही ऱ्होड आयलंड रेड नर आणि फायोमी मादी यांचा संकर, बांगलादेशात तयार झालेला. हीच सोनाली आपल्या बाजारात बिनदिक्कत 'गावरान' म्हणून विकली जाते, आणि मोठी झाल्यावरही गिऱ्हाईक फसतं इतकी ती गावरानसारखी दिसते. तिथे एक दिवसाच्या पिल्लावरून तुम्ही काय ओळखणार?

आणि 'गावरान' हे तर जातीचं नावच नाही. आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या मोकळ्या फिरणाऱ्या, रंगाने आणि आकाराने वेगवेगळ्या असलेल्या कोंबड्यांना आपण ते नाव दिलंय. म्हणून "ओरिजनल गावरान पिल्लं" असा बोर्ड दिसला की आधी विचारायचं, अंडी कुठल्या कोंबड्यांची? त्या कोंबड्या बघायला मिळतील का? उत्तर मिळालं नाही, तर बोर्डावरच्या शब्दाला किंमत देऊ नका.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण यात फसवणूक असते पण फसवणाऱ्यालाही ती कळत नाही. कुणीतरी दोन वर्षांपूर्वी चांगल्या हॅचरीतून गिरिराज आणलेली असते. त्यांची अंडी घरच्या मशीनमध्ये उबवून तो 'गिरिराजची पिल्लं' विकतो. तो खोटं बोलत नाही, त्याच्या मते ती गिरिराजच आहेत. पण संकराच्या पोटची पुढची पिढी आईबापासारखी निघत नाही. काही वजनाला कमी, काही अंड्याला कमी, सगळी असमान. शेतकऱ्याला हे नवीन नाही. संकरित मक्याचं कणीस ठेवून पुढच्या वर्षी तेच बियाणं कुणी पेरत नाही. कोंबडीतही तसंच आहे. हा फरक पिल्लाच्या अंगावर दिसत नाही, तो फक्त पॅरेंट कुठले होते या माहितीत असतो.

आठवडी बाजारातली स्वस्त पिल्लं

जत्रेत आणि बाजारात गुलाबी, हिरव्या रंगात बुडवलेली पिल्लं तुम्ही पाहिली असतील. बिनरंगाची पिवळी पिल्लंही मोटरसायकलवर जाळीच्या पेटाऱ्यात घेऊन लोक गावोगाव फिरतात. ही इतकी स्वस्त का असतात, याचा विचार केलाय?

अंड्यासाठीच्या म्हणजे लेअर कोंबड्यांच्या हॅचरीत निम्मी पिल्लं नर निघतात. नर अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखं वजनही धरत नाही. हॅचरीला तो नको असतो. त्यातली बरीच पिल्लं मिळेल त्या भावाने बाहेर पडतात आणि पेटाऱ्यात येतात. विकणारा सांगतो, "मिक्स आहेत, निम्म्या माद्या निघतील." पण तो माल हॅचरीने माद्या काढून घेतल्यावर उरलेला असेल, तर त्यात मादी चुकूनच सापडणार.

म्हणून स्वस्त पिल्लू दिसलं की रंग बघू नका, भावाचं कारण विचारा. दुकानदारीचा हा पहिला धडा आहे. बाजारभावापेक्षा निम्म्या दरात माल येतो, तेव्हा कुणीतरी त्यातून काहीतरी आधीच काढून घेतलेलं असतं.

घरगुती परीक्षा आणि खरी परीक्षा

आता नर-मादीकडे येऊ. टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी, हे तुम्ही ऐकलं असेल. पिल्लावर दोऱ्याला बांधलेली सुई धरायची, गोल फिरली तर मादी. पाय धरून उलटं केलं आणि मान वर उचलली तर नर. अशा परीक्षांचे व्हिडिओ लाखोंनी बघितले जातात, आणि खाली "माझं बरोबर आलं सर" अशा कमेंट असतात.

बरोबर येणारच. नाणं उडवून सांगितलं तरी निम्म्या वेळा बरोबर येतं. ज्याचं बरोबर आलं तो कमेंट टाकतो, ज्याचं चुकलं तो गप्प बसतो.

अंड्याच्या आकाराबद्दल एकच विचार करा. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून नर पिल्लं मारण्यावर कायद्याने बंदी घातली. त्यानंतर तिथल्या अनेक हॅचऱ्या अंड्यातच नर-मादी ओळखणाऱ्या महागड्या यंत्रांकडे वळल्या. अंड्याच्या टोकावरून ओळखता आलं असतं, तर एवढा खर्च कुणी केला असता?

मग हॅचरीवाले ओळखतात कसे? तीन पद्धती आहेत.

पहिली, पिल्लाच्या मागच्या भागाची तपासणी. १९२०च्या दशकात जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो यांनी ही पद्धत बसवली. पिल्लाचा मागचा भाग हलक्या हाताने उघडून आतला बारीक उंचवटा बघतात. काही ठिकाणी तो दोघांतही सारखा दिसतो. तयार हात बसायला दीर्घ प्रशिक्षण आणि हजारो पिल्लांचा सराव लागतो. घरी व्हिडिओ बघून हे करू नका. जास्त दाब पडला तर आतडं फाटून पिल्लू मरतं.

दुसरी पद्धत पंखांची. पहिल्या एक-दोन दिवसांत पंखाची मोठी पिसं वरच्या आच्छादनाच्या पिसांपेक्षा स्पष्ट लांब असतील तर मादी, दोन्ही सारखी असतील तर नर. व्हिडिओत सगळ्यात जास्त दाखवतात ती हीच. पण हे फक्त अशा संकरात चालतं, जिथे हॅचरीने सावकाश पिसं फुटणारी आई आणि लवकर पिसं फुटणारा बाप मुद्दाम जुळवलेला असतो. तुमच्या गावरान मिश्र पिल्लांत ही जुळणी कुणी केलेली नसते. तिथे लांब पिसं नरालाही असतात आणि मादीलाही.

तिसरी पद्धत रंगाची. ऱ्होड आयलंड रेड नर आणि ठरावीक पांढऱ्या जातीच्या माद्या यांच्या संकरात नर पिल्लं फिकट पिवळी आणि माद्या तांबूस निघतात. तपकिरी अंड्यांच्या कित्येक व्यावसायिक लेअर याच तत्त्वावर आहेत. बारीक पट्ट्यांच्या प्लायमाउथ रॉक माद्यांना ऱ्होड आयलंड रेड नर दिला, तर नर पिल्लांच्या डोक्यावर पांढरा ठिपका येतो, माद्यांच्या येत नाही. 'डोक्यावर ठिपका म्हणजे नर' हा व्हिडिओ इथूनच आलाय. तो खोटा नाही, पण तुमच्या पिल्लाची आई पट्ट्यांची प्लायमाउथ रॉक नसेल तर त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही.

तिन्ही पद्धतींत एक गोष्ट सारखी आहे. पहिलीत माणूस तयार लागतो. दुसरी आणि तिसरी चालायला आईबाप माहीत असावे लागतात. म्हणजे फिरून आपण पुन्हा कागदावरच येतो.

"आमची आजी ओळखायची"

हा आक्षेप नेहमी येतो, आणि तो खरा आहे. गावातल्या कित्येक आज्या पिल्लं बघून सांगतात, हा कोंबडा होणार. पण आजी काय करते ते नीट बघा. खुडूक कोंबडी तिने स्वतः बसवलेली असते, अंडी तिच्याच कोंबड्यांची असतात, कोंबडा कुणाचा तेही तिला माहीत असतं. पिल्लं ती रोज दाणे टाकताना बघते आणि महिना-दीड महिना झाल्यावर बोलते. आजीकडे सगळी माहिती आधीपासून असते, फक्त ती कागदावर नसते. परक्या माणसाच्या पेटाऱ्यातलं एक दिवसाचं पिल्लू दिलं, तर शहाणी आजी "बघू मोठं झाल्यावर" असंच म्हणेल.

दहा पिल्लांचं गणित

आता हिशेब. मिश्र पिल्लांत नर आणि मादी साधारण निम्मे-निम्मे असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण निम्मे म्हणजे दर दहात पाच, असं नाही.

दहा मिश्र पिल्लं घेणाऱ्या साधारण सहा जणांपैकी एकाच्या वाट्याला तीन किंवा त्याहून कमी माद्या येतात. यात कुणी फसवलेलं नसतं, हा निव्वळ योग आहे. वीस पिल्लं घेतली तर आठ ते बारा माद्या मिळण्याची शक्यता चारात तीन, म्हणजे चारातल्या एकाचा अंदाज तिथेही चुकतो. शंभर घेतली तर मात्र माद्या ४० ते ६० च्या मध्ये राहण्याची शक्यता ९६ टक्क्यांच्या आसपास जाते.

याचा अर्थ काय? ज्याला घरच्या अंड्यांसाठी आठ-दहा कोंबड्या हव्यात, त्याने मिश्र पिल्लं घेऊ नयेत. त्याने दोन महिन्यांच्या तलंगा घ्याव्यात, ज्यात मादी बऱ्यापैकी दिसते. आपल्या पशुसंवर्धन विभागाच्या योजनेतसुद्धा दोन वेगळे प्रकार आहेत. एकात शंभर एकदिवसीय पिल्लांचा गट असतो, दुसऱ्यात २५ माद्या आणि ३ नर अशा तलंगांचा. तुमच्या तालुक्यात सध्या कोणती चालू आहे ते पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारा. पण २५ ला ३ हे प्रमाण लक्षात ठेवा. अंडी उबवायची असतील तर साधारण आठ माद्यांमागे एक नर पुरतो. आणि फक्त खायची अंडी विकायची असतील तर नराची गरजच नाही, कोंबडी नराशिवायही अंडी देते. हे माहीत नसल्यामुळे किती जण वर्षभर दहा-दहा कोंबडे सांभाळत बसतात, त्याची मोजदाद नाही.

नरांचं गिऱ्हाईक आधी शोधा

समजा तुम्हाला पन्नासेक अंड्याच्या कोंबड्या हव्यात. खालचे भाव फक्त हिशेब समजावा म्हणून धरलेत, तुमच्या भागातले भाव टाकून पुन्हा करा.

१२० मिश्र पिल्लं, ३० रुपयांप्रमाणे ३,६०० रुपये. दहा टक्के मरतूक धरली तर १०८ उरली, त्यात ५४ माद्या आणि ५४ नर धरू. दोन महिन्यांपर्यंत खाद्य, लस, लाईट मिळून पिल्लामागे ९० रुपये, म्हणजे ९,७२० रुपये. एकूण १३,३२०. दोन महिन्यांनी ५४ नर १२० रुपयांनी गेले तर ६,४८० परत आले. मादी पडली साधारण १२७ रुपयांना. तयार मादी तलंग बाजारात १८० ला मिळत असेल, तर तुम्ही कमावलंत.

आता दुसरी बाजू. नर गेलेच नाहीत, किंवा "अजून थोडे वाढू दे" म्हणून ठेवले. एक नर दिवसाला ८० ग्रॅम खातो आणि खाद्य ३२ रुपये किलो, असं धरा. ५४ नर दिवसाला सव्वाचार किलोच्या वर खाद्य खातात, म्हणजे १३८ रुपये. महिन्याला चार हजारांच्या वर. दोन महिने ठेवले तर आठ हजार गेले, आणि तोवर माद्यांनी अजून एक अंडंही दिलेलं नसतं, कारण गावरान प्रकारची कोंबडी साधारण पाच-सहा महिन्यांनी अंड्यावर येते. अनेकांचं भांडवल इथेच संपतं. धंदा बंद करताना ते म्हणतात, "पिल्लं खराब निघाली." पिल्लं चांगलीच होती. निम्मी नर निघणार हे पहिल्या दिवशी वहीत लिहिलेलं नव्हतं.

नर ठेवून विकण्यात पैसा आहे, पण वेळ जुळवावी लागते. गावरान कोंबड्याला आपल्याकडे आखाडात आणि गावच्या यात्रांच्या वेळी उठाव असतो. श्रावणात तोच कोंबडा कुणी विचारत नाही. चार महिन्यांत नर विक्रीला येतो असं धरलं, तर आखाड साधायला पिल्लं फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला यायला हवीत. तीच पिल्लं एप्रिलमध्ये आणली तर नर तयार होतील ऐन श्रावणात. आपल्या गावची यात्रा कधी आहे हे बघून पिल्लांची तारीख ठरवा. आणि पिल्लं आणायच्या आधी दोन ढाबे, एक चिकन सेंटर आणि चार ओळखीची घरं, यांना विचारून या की नर किती आणि काय भावाने घेणार. हे विचारायला पैसे लागत नाहीत.

बिलावर काय हवं

बिल म्हणजे फक्त रक्कम नव्हे. त्यावर हॅचरीचं नाव आणि पत्ता हवा. जात किंवा संकराचं नाव पूर्ण हवं, नुसतं 'देशी' किंवा 'गावरान' नको. अंड्यातून बाहेर पडल्याची तारीख हवी. नग किती, मिश्र की मादी, हे लिहिलेलं हवं. मादी म्हणून जास्त पैसे घेतले असतील, तर शंभरात किती माद्यांची हमी आहे आणि कमी निघाल्या तर काय भरून देणार, हेही हवं. मरेक्सची लस पहिल्या दिवशी हॅचरीतच देतात, ती दिली की नाही याची नोंद हवी. आणि पैसे ज्या नावाने बिल आहे त्याच नावाच्या खात्यावर पाठवा.

असं बिल कोण देतं? राज्य शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि कोल्हापूर इथे आहेत. तिथे नंबर लावावा लागतो, थांबावं लागतं. काही कृषी विज्ञान केंद्रांकडेही पिल्लं मिळतात. खासगी चांगल्या हॅचऱ्याही बिल देतात, मागावं लागतं एवढंच. "दोन महिने थांबण्यापेक्षा उद्या मिळतात ती घेऊ" हा मोह होतो, पण पहिल्या लॉटसाठी थांबणं परवडतं.

आता व्यवहारातली अडचण. गावातला छोटा विकणारा बिल देणार नाही, हे मलाही माहीत आहे. त्याच्याकडून घेऊच नका, असं मी म्हणत नाही. त्याच्या घरी जा आणि मोठ्या कोंबड्या बघा, किती आहेत, कशा आहेत. पिल्लं दीड-दोन महिन्यांची झाल्यावर घ्या. आणि एक दिवसाचीच घ्यायची असतील तर मिश्र, बिनजातीची पिल्लं म्हणून त्याच भावाने घ्या. 'कडकनाथ' किंवा 'मादी' या शब्दाचे वेगळे पैसे कागदाशिवाय द्यायचे नाहीत.

कागदाचा आग्रह पिल्लापुरता नाही. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं कडकनाथ प्रकरण राज्यभर गाजलं. पक्षी आम्ही देतो आणि अंडी-कोंबड्या आम्हीच परत घेतो, या शब्दावर अनेक शेतकऱ्यांनी पैसे गुंतवले आणि ते अडकले. तिथे कोंबडी खरोखर काळी आहे का, हा प्रश्नच नव्हता. परत घेणारा उद्या असेल का, हा होता. आपण चोचीचा रंग बघत बसतो आणि करार वाचायचा राहून जातो.

मग ओळखायला कधी शिकायचं?

शिका, जरूर शिका, पण घेताना नाही, वाढवताना. सहा ते आठ आठवड्यांत बहुतेक जातींत नराचा तुरा मादीपेक्षा मोठा आणि लाल होऊ लागतो, हनुवटीखालची लोंबती कातडी वाढते, पाय जाड दिसतात. कडकनाथमध्ये तुरा काळपट असतो, तिथे लाली शोधू नका, आकार बघा. दहा-बारा आठवड्यांनंतर मानेवर आणि शेपटीच्या मुळाशी येणारी पिसं बघा. नराची लांब, टोकदार, चकचकीत असतात, मादीची गोलसर. ही खूण सगळ्यात भरवशाची. आरवायला लागल्यावर तर प्रश्नच मिटतो.

एक सोपा सराव सांगतो. सहाव्या आठवड्यात जे नर वाटतात त्यांच्या पायात रंगीत रिंग घाला आणि संख्या वहीत लिहा. रिंग सैल ठेवा, पाय जाड होत जातो. बाराव्या आठवड्यात पुन्हा मोजा. किती बरोबर आले, किती चुकले ते लिहा. दोन-तीन लॉट असे केलेत की तुमच्या भागातल्या, तुमच्या जातीच्या पिल्लांसाठी तुमची नजर कुठल्याही व्हिडिओपेक्षा चांगली होईल. बचत गटातल्या ताईंना मी हे आवर्जून सांगतो, कारण त्यांच्याकडे रोजचं निरीक्षण असतंच, फक्त ते वहीत उतरत नाही.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी फोटो पाठवायचा असेल तर पिल्लाच्या शेजारी बिलाचाही पाठवा, आणि नर कुणाला विकणार आहात ते एका ओळीत लिहा. पिल्लं अजून आणली नसतील तर फारच उत्तम. वही उघडा, नरांचा हिशेब करा, दोन ठिकाणी फोन करून बिल मिळेल का ते विचारा, आणि मग खोका घरी आणा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.